गुडघे टेकून की उभ्यानं? परमप्रसादाच्या रांगेत जाण्याआधी

ईस्टरनंतरच्या दुसऱ्या रविवारी हिंदी मिस्सा, म्हणजे आमची रविवारची मुख्य उपासना, संपली आणि आमच्या चर्चच्या पायऱ्यांवर दोन माणसांचे आवाज चढले. दोघंही माझ्या ओळखीचे, दोघंही घरी रोज रोझरी म्हणणारे. एकाचं म्हणणं, प्रभूचं शरीर, म्हणजे मिस्सात वाटली जाणारी पवित्र भाकर, घ्यायचं तर गुडघे टेकलेच पाहिजेत. दुसऱ्याचं म्हणणं, चालत्या रांगेत कुणी मध्येच खाली बसलं की मागचे म्हातारे धडपडतात, ही भक्ती नाही, देखावा आहे. माझ्या धर्मशिक्षणाच्या वर्गातली नऊ वर्षांची एक मुलगी कठड्याला टेकून सगळं ऐकत होती. पुढच्या रविवारी वर्ग सुरू होण्याआधी ती जवळ आली आणि म्हणाली, "टीचर, मग मी कसं घेऊ?"

तिला मी पाच मिनिटांत जे सांगितलं ते पुरेसं नव्हतं, हे मला त्याच रात्री जाणवलं. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. तिच्यासाठी, तिच्या आईवडिलांसाठी, आणि पायऱ्यांवरच्या त्या दोघांसाठीही.

मी मूळची श्रीरामपूरकडची. हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला आईच्या कडेवर बसून गेलेली. १९८९ मध्ये लग्न होऊन इंदूरला आले. सासरे महूच्या छावणीत नोकरीला होते, पुढे सुदामा नगरात घर झालं. घरात मराठी, चर्चमध्ये हिंदी, असं माझं आयुष्य गेलं. बावीस वर्षं मी पहिल्या कम्युनियनची मुलं तयार करते. गेली काही वर्षं बिशपांच्या परवानगीनं मिस्सात परमप्रसाद वाटायला आणि आजाऱ्यांच्या घरी न्यायलाही मदत करते. त्यामुळे रांगेच्या दोन्ही टोकांना मी उभी राहिलेली आहे. या पवित्र भाकरीला माहेरी आम्ही ख्रिस्तप्रसाद म्हणायचो, इथल्या हिंदीत परमप्रसाद म्हणतात, आणि बोलताना सगळेच कम्युनियन. खाली तिन्ही शब्द येतील.

भांडण्याआधी नियम वाचा

चर्चमधल्या बहुतेक भांडणांत दोन्ही बाजूंना अर्धाच नियम ठाऊक असतो. पूर्ण नियम काही फार मोठा नाही.

मिस्साग्रंथाच्या सुरुवातीला ज्या सर्वसाधारण सूचना छापलेल्या असतात, त्यांतला १६० क्रमांकाचा परिच्छेद काढा. भाविकांनी गुडघे टेकून किंवा उभं राहून ख्रिस्तप्रसाद घ्यावा, जसं त्या त्या देशाच्या बिशप परिषदेनं ठरवलं असेल तसं, असं तिथं लिहिलेलं आहे. उभ्यानं घेणाऱ्यानं घेण्याआधी आदराची खूण करावी, हेही तिथंच आहे. त्यातला 'किंवा' हा शब्द रोमनंच लिहून ठेवला आहे, तो आपल्यापैकी कुणी घुसडलेला नाही.

दुसरा कागद व्हॅटिकननं २५ मार्च २००४ रोजी काढला, 'रिदेम्प्तिओनिस साक्रामेंतुम' नावाचा. त्याचं ९१ वं कलम स्पष्ट सांगतं की एखाद्याला गुडघे टेकून घ्यायचं आहे, किंवा उभ्यानं घ्यायचं आहे, एवढ्याच कारणावरून त्याला ख्रिस्तप्रसाद नाकारता येत नाही. ९२ वं कलम जीभ आणि हात यांच्याबद्दल आहे. जिभेवर घेण्याचा हक्क प्रत्येक भाविकाला नेहमीच असतो. जिथं बिशपांनी रोमच्या संमतीनं हातावर द्यायला परवानगी दिली आहे, तिथं मागणाऱ्याला हातावर द्यावा, पण तो वाटणाऱ्याच्या समोरच तोंडात जातो आहे याची काळजी घ्यावी. ९३ वं कलम म्हणतं की हनुवटीखाली धरायची ती ताटली वापरात ठेवावी. ती आमच्या बऱ्याच चर्चांतून नाहीशी झाली आहे आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटतं.

हातावर घेण्याची आताची मुभा १९६९ पासूनची. त्या वर्षी २९ मे रोजी निघालेल्या 'मेमोरियाले दोमिनी' या पत्रकाआधी पोप पॉल सहावे यांनी जगभरच्या बिशपांचं मत मागवलं होतं. हातावर देण्याच्या बाजूनं ५६७ मतं पडली, विरोधात १२३३. त्यामुळे जिभेवरची रीत कायम राहिली, पण जिथं हातावर घेणं आधीच रुजलं होतं तिथल्या बिशप परिषदांना परवानगी मागायची वाट मोकळी ठेवली गेली. पुढे ती देशोदेशी पसरली, आणि आपल्याकडे आज दोन्ही चालतं. २०२० च्या कोविडच्या काळात अनेक ठिकाणी फक्त हातावरच देत होते. आमच्याकडचा ताण खरा सुरू झाला तो त्यानंतर. काहींना ती सवय सोडायची नव्हती, आणि काहींच्या मनात ते दिवस सलत राहिले होते.

'जुनं' आणि 'नवं' हे शब्द मात्र जपून वापरा. ३२५ मध्ये निकेआला भरलेल्या बिशपांच्या परिषदेचा विसावा नियम असा आहे की रविवारी आणि ईस्टर ते पेंटेकॉस्ट (ईस्टरनंतरच्या पन्नासाव्या दिवसाचा सण) या दिवसांत प्रार्थना उभ्यानं करावी, गुडघे टेकू नयेत. पुनरुत्थानाच्या दिवशी ताठ उभं राहायचं, हा त्या काळच्या ख्रिस्ती माणसाचा आनंद होता. पूर्वेकडच्या अनेक चर्चांत आजही उभं राहणं हाच आदर आहे. गुडघे टेकणं पश्चिमेत मध्ययुगात सगळीकडे रूढ झालं. त्यामागे प्रभूसमोर लोटांगण घालणाऱ्या माणसांची सगळी शुभवर्तमानं आहेत, आणि येशूच्या नावापुढे प्रत्येक गुडघा टेकेल असं सांगणारा फिलिप्पैकरांस पत्राचा दुसरा अध्याय आहे. २००८ च्या ख्रिस्तशरीराच्या सणापासून पोप बेनेडिक्ट सोळावे आपल्या मिस्सात लोकांना गुडघ्यांवर आणि जिभेवरच देऊ लागले. कोलंबोच्या आर्चबिशपांनी २००९ मध्ये आपल्या धर्मप्रांताला तेच सांगितलं. उलट शिकागोच्या कार्डिनलांनी २०२४ च्या डिसेंबरात पत्र काढून उभ्यानं, रांगेची लय न मोडता घ्यायला सांगितलं. तेव्हा आमच्या पायऱ्यांवरचा वाद इंदूरपुरता नव्हता.

आणि आपल्या देशाची एक गोष्ट पायऱ्यांवर कुणालाच आठवली नाही. २५ एप्रिल १९६९ रोजी रोमनं भारताच्या बिशपांना उपासनेतले बारा बदल मंजूर केले. त्यांत जमिनीवर बसणं आहे, पादत्राणं काढणं आहे, आणि गुडघा टेकून वंदन करण्याऐवजी हात जोडून कमरेतून खोल वाकणं आहे. गुडघे, हात आणि कपाळ जमिनीला टेकून करायचा पंचांग प्रणामही आहे. भारतीय माणूस आदर कसा दाखवतो, याचा विचार आपल्या आधीच्या लोकांनी केलेला आहे.

उदयनगर भागात काम करताना मारल्या गेलेल्या सिस्टर राणी मारिया यांना ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूरमध्ये धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं, त्या दिवशी मी मैदानावर पाणी वाटायला होते. उदयनगरच्या बाजूची एक म्हातारी रांगेत माझ्या अगदी जवळून गेली. फादर चार पावलांवर आल्यावर तिनं चपला काढल्या, त्या बाजूला नीट जोडून ठेवल्या, धुळीत अनवाणी उभी राहिली, हात जोडून कमरेत वाकली आणि मग तोंड उघडलं. चपला पुन्हा घालायला ती लगेच परत आली नाही. बऱ्याच वेळानं तिची नात येऊन त्या घेऊन गेली.

कसं घ्यायचं ते घरी ठरवा

रांगेत उभं राहून ठरवू नका. तिथं पुढच्याचं पाहून हात वर येतात किंवा गुडघे वाकतात, आणि मन प्रभूकडे असायच्या वेळी शेजारच्याकडे असतं. घरी शांतपणे बसा आणि स्वतःला विचारा की कोणत्या पद्धतीत माझं लक्ष ठिकाणावर राहतं. काहींना गुडघे टेकले की आतून काही सैल होतं, डोळे भरून येतात. काहींना गुडघे टेकले की 'लोक पाहताहेत' एवढंच डोक्यात राहतं. दोन्ही खरं आहे. त्यात कमी-जास्त श्रद्धेचा प्रश्न नाही.

मग शरीराकडे पाहा. गुडघ्याची वाटी झिजलेली असेल, गर्भारपण असेल, चक्कर येत असेल तर उभ्यानं घ्या, आणि उभं राहता येत नसेल तर बसून. मी आजाऱ्यांकडे जाते तिथं लोक खाटेवर पडूनही घेतात. हातात मूल असेल, एका हाताला प्लास्टर असेल, काठी असेल तर जिभेवरच घ्या. एका हातानं घ्यायला जाऊ नका, कारण उचलायला दुसरा हात लागतोच.

एकदा ठरलं की काही महिने तेच ठेवा. दर रविवारी बदलत राहिलात तर एकही पद्धत अंगवळणी पडत नाही. आणि आईवडिलांनो, मुलांना दोन्ही शिकवा. आपली आवड त्यांच्यावर नियम म्हणून लादू नका. तासभराचा उपास आणि पापकबुली हे तर सगळ्यांना सारखंच आहे, त्याबद्दल वर्गात बोलणं होतंच.

हातावर, उभ्यानं

सगळ्यात जास्त चुका इथं होतात, कारण ही पद्धत सोपी वाटते.

पुढचा माणूस घेत असताना, म्हणजे तुमची पाळी येण्याच्या एक पाऊल आधी, हात जोडून वाका. फादरांच्या पुढ्यात पोहोचल्यावर वाकू नका. एका दांडग्या मुलाचं डोकं माझ्या हातातल्या पात्राला लागता लागता राहिलं होतं, ते आठवलं की आजही छातीत धस्स होतं.

मग पुढे या आणि हात छातीच्या उंचीला आणा. पोटाशी नको, तिथं वाटणाऱ्याला नीट दिसत नाही. तळहात सपाट आणि उघडे असावेत, एकावर एक. बोटांची चिमटी करून पवित्र भाकर उचलून घ्यायची नाही. ती दिली जाते, आपण स्वीकारतो.

आता कोणता हात वर? सगळीकडे शिकवतात ते असं की डावा वर, उजवा खाली, म्हणजे उजव्या हातानं उचलून तोंडात घालता येतं. मीही तसंच शिकवत होते. एक दिवस माझ्या वर्गातल्या एका मुलाची आजी मला म्हणाली, "बाई, प्रसाद डाव्या हातावर? आमच्या घरात पाहुण्याला पानाचा विडासुद्धा डाव्या हातानं देत नाहीत." मला तिचं म्हणणं पटलं. आपल्याकडे देवळात तीर्थ कसं घेतात ते आठवा. उजव्या तळहाताचा खळगा, त्याखाली आधाराला डावा हात. आणि चौथ्या शतकात जेरुसलेमच्या संत सिरिल यांच्या नावानं आलेली जी शिकवण आहे, तीत अगदी हेच सांगितलं आहे. राजाला घ्यायचं आहे, तेव्हा डाव्या हाताचं उजव्यासाठी सिंहासन करा आणि तळहात खोलगट करून ख्रिस्ताचं शरीर घ्या. आपल्या आज्यांना जे वाटतं ते जेरुसलेमच्या बाप्तिस्मा झालेल्यांना सोळाशे वर्षांपूर्वी सांगितलं गेलं होतं, हे वाचून मला फार आनंद झाला.

तेव्हा ज्यांना डावा हात नको वाटतो त्यांनी उजवा वर ठेवा, आणि मग तळहातच ओठांपर्यंत नेऊन तोंडानं उचलून घ्या. डाव्या हातानं उचलायला गेलात तर आजीची तक्रार तिथंच राहिली. आमच्या फादरांना मी विचारून घेतलं, त्यांची हरकत नव्हती.

"ख्रीस्त का शरीर" असं ऐकलं की "आमेन" म्हणा, ऐकू येईल असं. मुलं पहिल्या दिवशी घाबरून "थँक यू" म्हणतात, म्हणून मी त्यांच्याकडून आमेन वीसवीस वेळा म्हणवून घेते. मग एक पाऊल बाजूला सरका, वेदीकडे तोंड ठेवूनच, आणि तिथंच मुखात घ्या. चालत चालत नाही, जागेवर जाऊन नाही.

आणि त्यानंतर तळहात पाहा. ही गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते, आणि दोन्ही बाजूंच्या भांडणात तिचा उल्लेखही होत नाही. वर्गात मी जुन्या छत्रीचं काळं कापड टेबलावर पसरते, सिस्टरांकडून आणलेली साधी, पवित्र न केलेली भाकर त्यावर मोडते, आणि कापड खिडकीकडे धरते. पिठासारखे बारीक पांढरे कण दिसतात. मग मुलांच्या तळहातावर ठेवून उचलायला लावते आणि तळहात उजेडात धरायला सांगते. दहातल्या एकदोन हातांवर कण असतो, रेषेत अडकलेला, खसखशीच्या दाण्याएवढा. मुलं एकदम गप्प होतात. मिस्सात असा कण दिसला तर ओल्या बोटाच्या टोकानं टिपून तोंडात घ्यायचा, कपड्याला पुसायचा नाही. ज्याला आपण प्रभूचं शरीर म्हणतो त्याचा प्रत्येक कण प्रभूच आहे, अशी आपली श्रद्धा आहे. मग हात झटकायचा कसा?

लग्नसराईत मेंदी लावलेले हात येतात, तेव्हा अशा कणाकडे आणखी बारकाईनं पाहावं लागतं. वाटताना मला हातच जास्त दिसतात, चेहरे कमी. लेथवर काम करणाऱ्याच्या नखांतलं काळं ग्रीस कितीही घासलं तरी जात नाही, आणि त्याला त्याची लाज वाटते म्हणून तो मुठी मिटून येतो. त्यानं मूठ उघडावी. ते श्रमाचे हात आहेत, त्यांत घाण नाही. पण हँडक्रीमनं चिकट झालेले किंवा टिश्यू धरलेले हात घेऊन येऊ नका.

जिभेवर

इथं सगळी अडचण संकोचाची असते. लोक तोंड जेमतेम उघडतात, जीभ आत ठेवतात, आणि भाकर जवळ आली की मान पुढे करतात. मग वाटणाऱ्याची बोटं ओठांना किंवा दातांना लागतात, आणि दोघांनाही अवघडल्यासारखं होतं.

डोकं किंचित मागे, तोंड नीट उघडं, जीभ खालच्या ओठावर टेकलेली, आणि मग हलायचं नाही. भाकर जिभेवर आली हे जाणवलं, बोटं दूर झाली, की तोंड मिटा. आमेन आधी म्हणा, मग जीभ बाहेर काढा. ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण निम्म्या लोकांचा क्रम इथंच चुकतो. उंच माणसांनी उभ्यानं घेताना गुडघ्यात थोडं वाकावं. माझी उंची बेताची आहे, सहा फुटांच्या मुलांना देताना माझा हात वर जातो आणि थरथरतो. ताटली असेल तर ती हनुवटीखाली येऊ द्या, स्वतः धरायला सांगितली तर आडवी धरा आणि तिरकी होऊ देऊ नका.

भाकर द्राक्षरसात बुडवून देत असतील तर ती फक्त जिभेवरच घ्यायची. तिथं निवड नाही. तसंच पात्रातून आपल्या हातानं उचलणंही चालत नाही.

गुडघे टेकून

वेदीपुढे कठडा किंवा गुडघे टेकायचा पाट ठेवलेला असेल तर प्रश्नच नाही, तिथं जा. नसेल तर थोडी तयारी लागते.

पहिल्यांदा गुडघे टेकून घेणार असाल तर आदल्या दिवशी किंवा मिस्साआधी फादरांना तेवढं सांगा. परवानगी म्हणून नव्हे, कल्पना म्हणून. "फादर, मी उद्या गुडघे टेकून घेईन." समोर अचानक कुणी खाली गेलं की वाटणाऱ्याला वाटतं माणूस पडला. मी स्वतः एकदा घाबरून मागे सरकले आहे.

रांगेत तुमच्या मागे कोण आहे ते आधी पाहून ठेवा. मागे काठीवाले आजोबा असतील तर त्यांना पुढे जाऊ द्या. शक्य असेल तर रांगेच्या शेवटी थांबा. पुढच्या माणसापासून दोन पावलांचं अंतर ठेवा. मग दोन्ही गुडघे टेका, एक टेकून लगेच उठू नका. साडी असेल तर निऱ्या डाव्या हातानं थोड्या वर धरून टेका, नाहीतर उठताना पाय त्यांतच अडकतो. जिभेवर घेणंच इथं सोयीचं. घेतल्यावर घाई न करता, पण लगेच उठा. उपकारस्तुतीची लांब प्रार्थना जागेवर जाऊन, तिथं हवं तितका वेळ गुडघ्यांवर राहा.

गुडघे टेकणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. तुमची ही इच्छा मला फार मोलाची वाटते. माझी आई अशीच घ्यायची, कठड्यावरच्या पांढऱ्या कापडाखाली हात ठेवून. पण मान वळवून उभ्यानं घेणाऱ्यांकडे पाहू नका.

नकार मिळाला तर

माझा मुलगा दुसऱ्या शहरात नोकरीला आहे. तिथल्या एका चर्चमध्ये त्यानं गुडघे टेकले, आणि वाटणारे फादर सगळ्यांसमोर म्हणाले, "उठ, इथं हे चालत नाही." तो उठला, उभ्यानं घेतलं, जागेवर आला. फोनवर मला सांगताना त्याचा आवाज बदलला होता. मला त्या रात्री झोप लागली नाही.

त्यानं जे केलं ते बरोबर होतं असं मी आजही म्हणते. वेदीसमोर वाद घालायचा नाही. प्रभू समोर आहे, मागे शंभर माणसं आहेत. मिळेल तसं घ्या आणि जागेवर जा. पूर्ण नाकारलंच, तर हात जोडून परत जा आणि मनातल्या मनात प्रभूला स्वीकारण्याची प्रार्थना करा.

मग मिस्सानंतर, गर्दी ओसरल्यावर, सॅक्रिस्टीत, म्हणजे फादरांच्या तयारीच्या खोलीत, एकट्यानं भेटा. सोबत चार मित्र नेऊ नका आणि मोबाइलवर रेकॉर्ड करू नका. ९१ वं कलम छापून न्या, पण ते पहिल्याच वाक्यात काढू नका. "फादर, मला कसं वाटलं ते सांगायचं होतं" इथून सुरुवात करा. बऱ्याचदा कारण साधं असतं. मागच्या महिन्यात कुणी अडखळून पडलेलं असतं, किंवा एखाद्या गटानं गुडघे टेकण्याचा झेंडा केलेला असतो आणि फादर त्यातून पोळलेले असतात. बोलून मार्ग निघाला नाही तर त्या चर्चच्या मुख्य धर्मगुरूंना लेखी पत्र द्या, तारीख घालून, एका पानात. तरीही तेच झालं तर बिशपांना लिहा. माझ्या मुलाचं प्रकरण पहिल्या भेटीतच मिटलं. फादरांनी त्याला चहा पाजला आणि रांगेच्या शेवटी यायला सांगितलं. आता तो तसंच जातो.

नकार फक्त फादरांकडूनच मिळतो असं नाही. आमच्या गल्लीतली एक बाई, वय साठीच्या पुढे, एकाएकी तीन रविवार कम्युनियनला पुढे जाईना. मी घरी गेले तेव्हा रडायला लागली. कुणा तरुणानं तिला सांगितलं होतं की हातावर घेणं पाप आहे, इतकी वर्षं तू प्रभूचा अपमान करत आलीस. तिला वाचता येत नाही. तिच्याकडे कलम नव्हतं, कागद नव्हता. तीन रविवार ती उपाशी राहिली, आणि आपल्यातल्याच एकानं तिला उपाशी ठेवलं. याचा मला मुलाच्या अपमानाहून जास्त राग आला. कुणाला काही सांगायचंच असेल तर आधी स्वतः पूर्ण नियम वाचा.

नाताळच्या रात्री

इंदूरला नाताळच्या रात्री चर्चमध्ये आपल्याइतकेच शेजारी येतात. मुलांना घेऊन, चांगले कपडे घालून, प्रेमानं येतात. रांग दिसली की प्रसाद समजून हात पुढे करतात. एका काकूंनी पवित्र भाकर रुमालात बांधली, घरी सासूबाईंना न्यायला. मी मागे धावले. त्यांना काही चुकलं असं वाटण्याचं कारणच नव्हतं, प्रसाद घरी नेतातच. त्यांना बाजूला घेऊन मी सांगितलं, "काकू, हा आमचा प्रसाद घरी नेत नाहीत, आणि बाप्तिस्मा झालेल्या कॅथलिकांनीच घ्यायचा असतो." त्यांनी लगेच रुमाल माझ्या हातात दिला आणि वर विचारलं की मी रागावले तर नाही ना.

म्हणून तुमच्यासोबत पाहुणे असतील तर चर्चला निघण्याआधी घरीच सांगून ठेवा. रांगेत यायचं असेल तर हात छातीवर दुमडून यावं, आमच्याकडे फादर डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद देतात. आणि वाटणाऱ्यांनो, हातावर दिलेली भाकर तोंडात जाईपर्यंत नजर हलवू नका, पोझिशन कोणतीही असो.

सराव

या वर्षीच्या मुलांचा सराव शनिवारी चार वाजता आहे, चर्चच्या मागच्या हॉलमध्ये. आईवडिलांपैकी एकानं तरी यावं. प्रत्येक मूल चारही प्रकारे, म्हणजे उभ्यानं आणि गुडघ्यांवर, हातावर आणि जिभेवर, घेऊन पाहील, साध्या भाकरीनं, आणि मग आपलं आपण ठरवेल. काय ठरवलं ते मला सांगायची गरज नाही. हात साबणानं धुऊन आणा, क्रीम नको. मुलींनी ओढणी पिन करून यावं. छत्रीचं कापड मी आणते.